गेटवेची किल्ली कोणापाशी?

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून, प्रश्नांना उत्तरे देणारे ॲप आपल्या शाळेनेही करावे अशी हौस वरच्या वर्गांतील मुलांत दिसू लागली आहे. हौस स्तुत्यच होय. उत्तर देणारे लँग्वेज मॉडेल असते दूरच्या कोणा कंपनीच्या संगणकावर. ॲपने एपीआयच्या वाटेने प्रश्न धाडावयाचा, सोबत आपली गुप्त किल्ली दाखवावयाची आणि उत्तर घेऊन यावयाचे, एवढाच हा व्यवहार.

पण ती किल्ली ॲपच्या पोटातच ठेवली, तर ॲप उलगडून पाहणारा कोणीही ती उचलतो. वापर त्याचा, बिल शाळेचे! यास्तव मध्ये गेटवे हवा. खरी किल्ली त्याच्यापाशी राहते. कोणी किती विचारले हे तो मोजतो, मर्यादा ओलांडणाऱ्यास 429 हा आकडा दाखवून परत पाठवितो, आणि एक मॉडेल बंद पडल्यास ॲपला हात न लावता दुसऱ्याकडे वळतो. गेटवेवाचून कोणत्याही शाळेने ही जोडणी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि कोणता प्रश्न कोणत्या मॉडेलकडे जावा, हा निर्णय केवळ दर पाहून होऊ लागला तर त्यास आमचा विरोध आहे. आकारणी टोकनांवर, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांवर होते. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह 3 बाइट घेते. रोमन लिपीतील ‘स्कूल’ 6 बाइटांत मावते, आपली ‘शाळा’ 12 घेते. शिवाय मॉडेलने जी भाषा कमी वाचलेली असते तिचे तुकडे अधिक पडतात. साहजिकच काटकसरीची कात्री प्रथम आपल्याच भाषेवर चालते.

गोव्यातील आमची कित्येक मुले शाळेत मराठी लिहितात व घरी कोकणी बोलतात. त्यांतील एखाद्याने ‘पळय’ लिहिले, तर त्याचा अर्थ ‘पाहा’. स्वस्त मॉडेल त्यास मराठी समजून मुलाला पळावयास लावील! गेटवेच्या नोंदवहीत मात्र 200, म्हणजे सर्व ठीक, असाच शेरा पडेल. उत्तर पोचले की नाही एवढेच तो जाणतो. म्हणून मार्ग ठरविण्यापूर्वी मराठीचे व कोकणीचे पन्नासेक प्रश्न दोन-तीन मॉडेलांना घालून, भाषेच्या शिक्षकांनी ती उत्तरे स्वतः वाचलीच पाहिजेत. संगणकाच्या शिक्षकांवर हे ओझे टाकणे अन्यायाचे आहे.

आणखी एक गोष्ट त्या नोंदवहीचीच. घरी न बोललेले असे पुष्कळ काही मूल यंत्रास विचारते, आणि गेटवेला सांगितले तर तो ते अक्षरशः जपून ठेवतो. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील सर्वांस बालक मानून पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. आमची सूचना अशी की आकडे ठेवावे, मजकूर ठेवू नये. आणि ठेवणे भागच असेल तर तो किती दिवस राहील व कोण वाचील, हे पालकसभेत तोंडी नव्हे, लेखी सांगावे. पालकांनीही ते मागून घ्यावे.