खोलीऐवजी पैसे

जून उजाडला की माझ्या फोनवर एकाच मजकुराचे निरोप यायला लागतात. "जय भीम ताई. ॲडमिशन झालं. आता होस्टेल घेऊ का बाहेर रूम बघू?" विचारणारी मुलं-मुली नांदेडची, वाशीमची, गडचिरोलीची. ॲडमिशन कुणाचं दिल्लीत, कुणाचं हैदराबादेत, कुणाचं पुद्दुचेरीत. त्यांच्याआधी घरातलं कुणी विद्यापीठाची पायरी चढलेलं नसतं. 'चांगली जागा बघ, जपून राहा' यापलीकडे आईबाप काय सांगणार? मी मराठवाड्यातल्या सरकारी वसतिगृहात राहून पुढे दिल्लीला आले आणि आता इथेच शिकवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. विद्यापीठाचं होस्टेल. खोली कोंदट असू दे, मेसची डाळ पातळ असू दे, तिघांच्या खोलीत चौथी गादी टाकलेली असू दे. रात्री अकरापर्यंत लायब्ररीत बसून पाच मिनिटांत खोलीवर येता येतं, याची किंमत पैशात होत नाही. फॉर्म कसा भरायचा, कोणते सर समजावून सांगतात, फेलोशिप कुठे अडते, हे शेजारच्या खोलीतले सीनियर सांगतात. ज्यांच्या घरी काका प्राध्यापक आणि मावशी अधिकारी असते, त्यांना हे जेवणाच्या ताटावर कळतं. आपल्याला ते होस्टेलच्या जिन्यात कळतं. आणि मुलींच्या बाबतीत तर अनेक घरांत होस्टेल नाही म्हणजे ॲडमिशनच नाही. होस्टेलचं गेट रात्री लवकर बंद होतं याविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीतल्या मुली रस्त्यावर उतरल्या, ते योग्यच होतं. पण त्या गेटच्या आत जागाच न मिळालेल्या मुलीही होत्या, त्यांची बातमी कमी झाली.

पण 'घेऊ का' या शब्दांतच एक गृहीत आहे. जणू दोन दारं उघडी आहेत आणि आपण एक निवडायचं आहे. खरं तर बहुतेकांच्या बाबतीत होस्टेलची यादी लागते, त्यात नाव नसतं आणि मग जे उरतं त्यालाच निवड म्हणावं लागतं. मागणी वाढली तर होस्टेलं बांधावीत, हा सरळ उपाय. महाराष्ट्राने २०१६-१७ पासून त्याच्याबरोबर दुसरा उपाय काढला. ज्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही त्यांच्या खात्यात पैसे टाकायचे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना. या योजनांमुळे हजारो मुलं शिकू शकली, हे मी नाकारत नाही. माझ्या आतेबहिणीचं शिक्षण स्वाधारवरच झालं. तरीही हिशेब मांडलाच पाहिजे.

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या मोठ्या शहरांसाठी स्वाधारची रक्कम ठरली ती वर्षाला ६०,००० रुपये. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. म्हणजे राहण्यासाठी महिन्याला १,६६६ रुपये. पुण्यात पेठांमध्ये किंवा कर्वेनगरला कॉट बेसिसवर एक खाट घ्यायला गेलात तर एवढ्या पैशांत घरमालक दार पूर्ण उघडत नाही. शिवाय घरभाडं महिन्याच्या सुरुवातीला द्यायचं, अनामत त्याच्याही आधी, आणि सरकारची रक्कम येते हजेरी, भाडेकरार, बँकेचं आधार-जोडणी हे सगळं झाल्यावर, कधी कधी परीक्षा उरकल्यावर. मधल्या काळात बाप उसने काढतो. व्याज कोण देतं, ते कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेलं नसतं.

राज्याबाहेर गेलेल्यांची गत आणखी वेगळी. त्यांच्या हाती मुख्यतः केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक भत्ता मिळतो तो सर्वांत वरच्या गटात, म्हणजे व्यावसायिक पदवीला, होस्टेलमध्ये राहणाऱ्यांना वर्षाला १३,५०० आणि बाकीच्यांना ७,००० रुपये. साध्या बी.ए., एम.ए.ला ६,००० आणि ३,०००. या तीन हजारांना बाराने भागा. जो होस्टेलमध्ये नाही तो घरून डबा घेऊन येतो, असं हा तक्ता धरून चालतो. वाशीमची मुलगी दिल्लीत शिकते आणि तिला होस्टेल मिळालं नाही, तर तिचा खर्च वाढतो. शिष्यवृत्ती मात्र निम्मी होते.

आता समजा रक्कम दुप्पट झाली आणि वेळेवर आली. तरी प्रश्न सुटतो का? नाही सुटत, कारण खोली पैशांनी मिळते हे अर्धसत्य आहे. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत घर शोधणाऱ्यांचा अभ्यास करून २०१५ मध्ये तो 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त छापला. फोनवरच्या चौकशीत दलितांपैकी १८ टक्के आणि मुस्लिमांपैकी ३१ टक्के लोकांना थेट नकार मिळाला. याशिवाय वाढीव भाडं किंवा जादा अटी सांगितल्या गेलेले वेगळेच. घर शोधणाऱ्या सवर्णांना असा नकार मिळाला नाही.

मराठी मुलांना दिल्लीत एक विचित्र सवलत मिळते. पुण्यात आडनाव सांगितलं की काम संपतं. 'कांबळे' ऐकलं की खोली त्याच सकाळी गेलेली असते. दिल्लीत कांबळे, वाघमारे, गायकवाड यांचा अर्थ कुणाला लागत नाही. मग चौकशी लांबच्या रस्त्याने येते. वडील काय करतात? जेवणात काय चालतं? शनिवारी उपवास करता का? मी एम.ए.ला असताना दक्षिण दिल्लीतल्या एका जुन्या गावठाणात खोली बघायला गेले होते. मालकीणबाईंनी चहा दिला, खोली दाखवली, भाडं ठरलं आणि मग जिन्यात विचारलं, "वैसे आप लोग कौन होते हो?" मी सांगितलं. चहाचा कप अजून माझ्या हातात होता. संध्याकाळी दलालाचा फोन आला की त्यांच्या भाच्याचं येणं ठरलंय. ज्या मैत्रिणींनी अशा वेळी 'मराठा' म्हणून सांगून खोली मिळवली, त्यांना मी नावं ठेवत नाही. फक्त त्यांची दोन वर्षं कशी गेली ते मी पाहिलं आहे. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत. चौदा एप्रिलला 'एका मैत्रिणीचा वाढदिवस आहे' म्हणून बाहेर पडायचं. शिष्यवृत्तीचं पत्र घरी न मागवता विभागाच्या पत्त्यावर मागवायचं.

याला आपल्याकडे सर्वांत मोठा साक्षीदार खुद्द बाबासाहेब आहेत. न्यूयॉर्कला कोलंबियात शिकताना ते विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले, काही काळ लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. तिथे कुणी जात विचारली नाही. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशी पदवी होती, हुद्दा होता, पगार होता. खोली नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. खिशात पैसे असून डोक्यावर छप्पर नसणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, सभेने सोलापुरात वसतिगृह काढलं. मुलांच्या हातात भाड्याचे पैसे ठेवून 'शोधा खोली' असं सांगितलं नाही.

त्याच्या आधी कोल्हापूर. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढलं होतं, राजाराम होस्टेल. नाव सर्वांचं, प्रत्यक्षात ते ब्राह्मण मुलांचंच झालं. मग १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. 'मागासवर्गीय वसतिगृह म्हणजे वेगळेपणा नाही का?' असं आज विद्यापीठातला एखादा शहाणा मित्र तुम्हाला विचारेल, तेव्हा हा क्रम त्याला सांगा. आधी एकत्र करून पाहिलं होतं, आणि एकत्रात कोण बसलं तेही पाहिलं होतं. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारात राहणाऱ्या पोरांनी १९७२ च्या सुमारास काय घडवलं, ते दलित पँथरच्या इतिहासात आहे. एकेकट्या भाड्याच्या खोल्यांत विखुरलेल्या पोरांकडून ते झालं असतं असं मला वाटत नाही.

तरीही माझा सल्ला असा की सरकारी मागासवर्गीय वसतिगृह आणि विद्यापीठाचं होस्टेल दोन्ही मिळत असतील, तर विद्यापीठाचं घ्या, आणि मिळत असलेली राखीव जागा सोडू नका. कँपसच्या आत असणं हाही हक्कच आहे.

तिथे सगळं गोड आहे असं समजू नका. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी छळाला कंटाळून होस्टेलांच्या ठराविक मजल्यांवर एकवटले होते, हे थोरात समितीने २००७ मध्ये नोंदवलं. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत मेसमधली काही टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखीव झाली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपयांचा दंड झाला. हैदराबाद विद्यापीठाने पाच दलित संशोधकांना शिक्षा द्यायची ठरवली तेव्हा कोणती शिक्षा निवडली, आठवा. होस्टेलमधून बाहेर. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला आणि त्याचे सोबती कँपसमधल्या दुकानांसमोर उघड्यावर झोपत होते आणि त्या जागेला त्यांनी नाव दिलं होतं वेलिवाडा, गावाबाहेरची वस्ती. खोली काढून घेतली की विद्यार्थी कँपसमध्ये असूनही गावाबाहेर जातो, हे प्रशासनाला नेमकं कळलेलं होतं.

पण फरक असा. होस्टेलात रजिस्टर असतं, वॉर्डन असतो, मेस समिती असते, नोटीस निघते ती कागदावर निघते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये काढलेल्या नियमांत होस्टेल, भोजनगृह, पिण्याचं पाणी इथला भेदभाव नावानिशी लिहिलेला आहे. अन्याय झाला तर बोट ठेवायला जागा आहे. जिन्यातल्या प्रश्नाचा कागद कुठे असतो? भाचा येणारच होता, हे मी कुठल्या कार्यालयात खोटं ठरवणार होते?

आता कामाच्या दोन-तीन गोष्टी. ॲडमिशनची फी भरली त्याच दिवशी होस्टेलचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पहिल्या यादीत नाव नसलं तरी दर महिन्याला वॉर्डनच्या कार्यालयात तोंड दाखवा, सत्राच्या मध्यात जागा सुटतात. शिष्यवृत्ती उशिरा येणार हे आधीच लेखी कळवा, म्हणजे मेसच्या थकबाकीवरून परीक्षेचा अर्ज अडला तर हातात काहीतरी असेल. बाहेर राहावंच लागलं तर एकटं राहू नका. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या सूचनांत किमान पाच विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेली, शक्यतो एकत्र जेवणाची जागा संस्थाप्रमुखाच्या मान्यतेने होस्टेल धरण्याची तरतूद होती. तुमच्या शिष्यवृत्ती विभागाला ती दाखवा आणि तुम्हाला कोणता दर लावणार ते लेखी विचारा. अनामत रोख दिलीत तरी पावती मागा. मालक पावती देत नाही म्हणाला तर निदान यूपीआयने पाठवा.

जे आता पदवी घेऊन नोकरीला लागले आहेत, त्यांच्याशीही बोलायचं आहे. विद्यार्थी संघटना होस्टेलं मागतात, तेव्हा 'स्वाधारची रक्कम वाढवा' ही मागणी पुढे करून आपण त्यांचं बळ कमी करू नये. रक्कम वाढलीच पाहिजे, दर महिन्याला आगाऊ मिळाली पाहिजे, पण ती होस्टेलाच्या बदल्यात नको. आणि होस्टेलं उभी राहीपर्यंत एक काम आपल्या आवाक्यात आहे. पुण्यात, बंगळुरूत, दिल्लीत आपल्यातल्या अनेकांचे फ्लॅट झाले आहेत. भाड्याने देताना आपणही दलालाला 'फॅमिलीच हवी' म्हणून सांगतो, पोरं गोंगाट करतात म्हणून. करतात, खरं आहे. तरी द्या.

दिल्लीत आम्ही आठ-नऊ जणांनी मिळून अनामतीपुरते पैसे बाजूला ठेवले आहेत. खोली मिळाली की रक्कम उचलायची, सोडली की परत करायची, व्याज नाही. दोन वर्षांत एकही रक्कम बुडालेली नाही. एकाची परत यायला चौदा महिने लागले, कारण त्याची शिष्यवृत्तीच तेव्हा जमा झाली.