वारसा घेतलात, आता बाइंडिंगही द्या

तयार कंट्रोलचा वारसा घ्यायचा, त्यात आपली एक प्रॉपर्टी घुसवायची, ती बाइंड होत नाही म्हटलं की ‘त्यासाठी एवढं लचांड कशाला?’ असं वर विचारायचं. नागपूरच्या मिहानमधल्या सॉफ्टवेअर कचेऱ्यांत हे मत मोठ्या रुबाबात मांडलं जातं. खापरीला मेट्रोतून उतरणारी पोरं वेब शिकून येतात आणि त्यांच्या हाती कधी कधी डब्ल्यूपीएफचा डेस्कटॉप स्क्रीन पडतो. २००६ मध्ये डॉट नेट ३.० सोबत आलेलं हे तंत्र अजून निवृत्त झालेलं नाही, तेव्हा वाद जुना असला तरी शिळा नाही.

उदाहरण रकमेच्या बॉक्सचं घेऊ. ग्राहकाला टाइप करता करताच १,२५,००० असे लाखाचे स्वल्पविराम हवेत, म्हणून टेक्स्टबॉक्सपासून ‘रक्कमबॉक्स’ केला. त्याची टेक्स्ट प्रॉपर्टी बाइंड होतेच, ती वारशात मिळाली. पण ती नुसती अक्षरं. व्ह्यूमॉडेलला हवा आकडा. मग साध्या गेट-सेटची ‘रक्कम’ जोडली. झॅमलमध्ये तिच्यावर बाइंडिंग लिहिलं की स्क्रीन उघडतानाच एक्सेप्शन येतं, कारण बाइंडिंगचं लक्ष्य डिपेंडन्सी प्रॉपर्टीच असावं लागतं.

‘कोड-बिहाइंडमध्ये इव्हेंट लिहा, झालं!’ एकच स्क्रीन असेल तर खुशाल लिहा. पण एकाच स्क्रीनसाठी कुणी कंट्रोल बनवतं का? प्रत्येक स्क्रीनवर आकडा आत नेण्याचा आणि बाहेर आणण्याचा कोड पुन्हा लिहावा लागतो. कुठेतरी रीसेट बटणाचा विसर पडतो, आणि दिसते एक रक्कम, सेव्ह होते दुसरी.

‘टेक्स्टलाच कन्व्हर्टर लावा’ हा आक्षेप जास्त दमदार आहे. बॉक्स सोडल्यावरच स्वल्पविराम पडले तर चालणार असेल, तर कन्व्हर्टरच योग्य. वारशाचीही गरज नाही. टाइप करताना मात्र स्वल्पविराम सरकतात, त्याबरोबर कर्सरही सांभाळावा लागतो, आणि कन्व्हर्टरला कर्सरचा पत्ताच नसतो.

उरला शेवटचा बाण: ‘मायक्रोसॉफ्टनंच पासवर्डबॉक्सचा पासवर्ड बाइंड होऊ दिलेला नाही.’ तिथे कारण सुरक्षिततेचं आहे. पासवर्ड उघड्या अक्षरांत मेमरीत रेंगाळू नये म्हणून ते दार बंद ठेवलंय, शिवाय तो क्लासच सील्ड, त्याचा वारसा घेता येत नाही. ते दार बंदच राहू द्या. बिलाच्या रकमेला तो न्याय लावणं म्हणजे उगाच हट्ट.

आता करायचं काय ते सांगतो. व्हिज्युअल स्टुडिओत ‘प्रॉपडीपी’ स्निपेट टॅबनं उघडलं की डिपेंडन्सी प्रॉपर्टीचा सांगाडा तयार मिळतो. त्यातलं डीफॉल्ट मूल्य इंटचं शून्य असतं. रक्कम डेसिमल असेल तर शून्यही डेसिमलचंच द्या, नाहीतर क्लास लोड होतानाच कोसळतो. बाइंडिंग बाय डीफॉल्ट दुहेरी ठेवा. सेटरमध्ये गेटव्हॅल्यू-सेटव्हॅल्यूपलीकडे काही लिहू नका, कारण बाइंडिंग सेटरला वळसा घालून थेट सेटव्हॅल्यू गाठतं. तिथे घातलेली तपासणी चालतच नाही. ती कॉलबॅकमध्ये टाका. कंट्रोलच्या आतून रक्कम बदलताना सेटकरंटव्हॅल्यू वापरा. २०१० च्या डॉट नेट ४ पासून ते आहे. एखाद्यानं एकेरी बाइंडिंग केलं असेल, तर साध्या असाइनमेंटनं ते पुसलं जातं आणि चूक कुठे झाली हे शोधण्यात दुपार जाते.

एक खाच मात्र खरी आहे. वापरणाऱ्यानं १२.५ मधला ५ खोडला की बॉक्समध्ये ‘१२.’ उरतं, रक्कम १२ होते, कॉलबॅक टेक्स्ट पुन्हा लिहितो आणि बिचाऱ्याचं टिंब गायब. त्यासाठी ‘आत्ता बदल टायपिंगमधून येतोय’ असा एक फ्लॅग ठेवावा लागतो. बाइंडिंग दिलं तर तो कंट्रोलमध्ये एकदाच लागतो. हँडलरवाल्यांनी तो प्रत्येक स्क्रीनवर लावत बसावं.