घर चाकांवर आलं, पण आडनावाचं काय?

सध्या रील्सवर एक नवं वेड आलंय. गाडीतच गादी, गाडीतच शेगडी, गाडीतच पाण्याची टाकी. डोंगरात तळ्याकाठी गाडी उभी करायची, चहा उकळायचा आणि 'व्हॅन लाइफ' म्हणून व्हिडिओ टाकायचा. अमेरिकेत लोक अशा गाड्या घेऊन एका राष्ट्रीय उद्यानातून दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात महिना महिना फिरतात. आपल्या राज्य शासनानेही 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आता विश्रामबाग, मिरज, कुपवाडकडची आपली नोकरीला लागलेली पोरं वर्गणी काढून अशी गाडी भाड्याने घ्यायची भाषा करतात. चांदोली, कोयना, कास, महाबळेश्वर, सगळं एका फेरीत.

यावर आपल्यातच दोन तट पडतात. जुने कार्यकर्ते म्हणतात, "जयंतीला वर्गणी मागितली की यांचा हात खिशात जात नाही, आणि हे निघाले तळी बघायला!" पोरं म्हणतात, "मग आम्ही जन्मभर मोर्चेच काढायचे का?" मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. फिरायला जावं की नाही हा प्रश्नच नाही. कशासाठी गाडी घेतो आणि गाडीतून काय बघतो, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्यांदा जुन्या कार्यकर्त्यांसाठी. फिरणं ही चैन आहे, असं आपण तरी म्हणू नये. संविधानाचं कलम 19 भारतभर मुक्तपणे संचार करण्याचं स्वातंत्र्य देतं. कलम 15(2) त्याहून पुढे जातं. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या सार्वजनिक जागा, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते, अशी यादीच तिथे आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात तलाव आणि रस्त्यांची नावं का घालावी लागली? कारण या देशात रस्त्यावरून चालणं आणि तळ्यातलं पाणी पिणं यांवर जातीचा पहारा होता. ज्यांच्या पूर्वजांना हा पहारा सोसावा लागला, त्यांच्या पोरांनी तळ्याकाठी मुक्काम केला तर त्यात चळवळीचं नुकसान काय?

हा पहारा आपल्याच परिसरात होता. आज विश्रामबाग स्टेशनातून पुण्याकडे जाणारी गाडी मसूरवरून जाते. 1901 साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेले लहानगे भीमराव आणि त्यांच्याबरोबरची मुलं याच मसूरला उतरली. पुढचा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलाय. मुलांचे कपडे चांगले होते, म्हणून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. जात कळताच मागे सरला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एकजण कबूल झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं, या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, तर मिळालं नाही. डबा जवळ असून मुलं उपाशी झोपली.

नीट बघा. पैसे होते, चांगले कपडे होते, जेवण होतं, भाड्याची गाडीही मिळाली. पाणी मात्र मिळालं नाही. प्रवासाची साधनं हाती आली की जात संपते, या समजुतीला एवढं स्पष्ट उत्तर दुसरं कुठे मिळेल?

आता पोरांसाठी. कॅराव्हॅनच्या बाजूने ती एक मुद्दा हळू आवाजात सांगतात. लॉजवर किंवा गावातल्या घरगुती मुक्कामाला "पूर्ण नाव काय? आडनाव? गाव कुठलं?" हे प्रश्न येतात. गाडीवर निळा झेंडा किंवा बाबासाहेबांचा फोटो दिसला की नजर बदलते. स्वतःची गाडी, स्वतःची चूल असली की कुणाच्या दारात उभं राहायला नको.

हे दुखणं खरं आहे आणि जगात आपण एकटेही नाही. अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांनी मोटारी घेतल्या, तेव्हा जेवण, पांघरुणं, जादा पेट्रोल गाडीतच भरून ती निघत, कारण वाटेत खोली मिळेल याची खात्री नसे. कुठे थांबता येईल हे सांगणारं 'ग्रीन बुक' व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने 1936 साली सुरू केलं. ज्या राष्ट्रीय उद्यानांचे व्हिडिओ आपण आज बघतो, त्यांतल्या शेनान्डोआ उद्यानात काळ्या लोकांसाठी लुईस माउंटन हा वेगळा तळ राखून ठेवलेला होता. म्हणजे डोंगर आणि झाडंसुद्धा वाटून दिलेली होती. तिथल्या लोकांनी गाडीत डबा भरला आणि 'ग्रीन बुक'ही वापरलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. ते न्यायालयात आणि रस्त्यावर लढले. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांची दारं उघडायला लावली, ती त्या लढ्यामुळे.

म्हणून माझं म्हणणं असं. आडनाव लपवायला गाडी घेणार असाल, तर तो प्रवास नव्हे, चाकांवरचा वेगळा वाडा आहे. सवर्णांनी आपल्याला गावाबाहेर ठेवलं; आपण पैसे भरून स्वतःला गावाबाहेर ठेवायचं का? जिथे खोली नाकारली जाते, तिथे तारीख, वेळ, साक्षीदार नोंदवा. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात किंवा धर्मशाळेत प्रवेश नाकारणं हा नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 नुसार गुन्हा आहे. गाडी मजेसाठी घ्या, कुटुंबाच्या सोयीसाठी घ्या. भीतीपोटी घेऊ नका.

दुसरा मुद्दा, गाडीतून बघायचं काय? आष्टा, इस्लामपूर, शिराळा, कोकरूड करत वारणावतीला पोचलात की समोर वारणा धरणाचं पाणी आणि मागे चांदोलीचं जंगल. चांदोली 1985 साली अभयारण्य झालं, 2004 साली राष्ट्रीय उद्यान. 2010 साली चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आले. अभिमान जरूर बाळगा. पण 'निर्मनुष्य निसर्ग' असं कॅप्शन टाकण्याआधी थांबा. तो निर्मनुष्य आपोआप झालेला नाही. तिथे गावं होती, ती उठवली.

कोयनेचा शिवसागर 'तळं' म्हणून सुंदरच आहे. पण ते धरणाचं पाणी आहे. धरण 1964 च्या सुमारास पूर्ण झालं आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला 1976 साली. म्हणजे माणसं आधी उठली, कायदा नंतर आला. त्या विजेवर उद्योग उभे राहिले आणि धरणग्रस्त आजही जमिनीसाठी ठिय्या देतात.

यात जातीचा प्रश्न कुठे आला? तो सातबाऱ्यात आहे. मोबदला जमिनीचा मिळतो. ज्याच्या नावावर जमीन, तो निदान खातेदार म्हणून दावा करू शकतो. जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, ज्याचं घर गावठाणाच्या कडेला होतं, त्याच्या हातात कागद कुठला? गाव बुडालं तेव्हा दोघांचंही बुडालं, पण नोंद एकाचीच झाली. आणि नव्या वसाहतीत पाणवठा आणि स्मशानभूमीचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पर्यावरणाच्या नावाने बोलणाऱ्यांनी वाघाबरोबर या माणसाचाही हिशोब मांडला पाहिजे. मी वाघाच्या विरोधात नाही. जंगल टिकलं तरच वारणा, कृष्णा वाहतील आणि सांगलीला पाणी मिळेल. पण किंमत कुणी मोजली, हे विसरून केलेलं निसर्गप्रेम म्हणजे अर्धवट हिशोब.

तेव्हा फेरी रद्द करू नका, फक्त नकाशा बदला. चांदोलीला जाताना किंवा येताना एका धरणग्रस्त वसाहतीत दोन तास बसा, म्हाताऱ्या माणसांशी बोला, त्यांच्या परवानगीने नोंदी घ्या. कराडला आगाशिवची बौद्ध लेणी चढा. हा डोंगर आपल्याला परका नाही, इथे भिक्खूंनी वर्षावास केलाय. चारिका हा तर धम्माचाच भाग आहे. साताऱ्यात भीमराव 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्या शाळेत दाखल झाले ती शाळा बघा. कासच्या पठारावर फुलं तुडवू नका.

आणि फेरी महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर संपवू नका. तिथून आंबेनळी घाट उतरा, पोलादपूरवरून महाडला जा. गांधारपाले लेणी बघा आणि चवदार तळ्यावर थांबा. 1923 साली कायदेमंडळाने बोले ठराव केला, महाड नगरपालिकेने तो स्वीकारला, तरी तळं खुलं झालं नाही. 20 मार्च 1927 रोजी आपल्या माणसांनी त्यातलं पाणी घेतलं, तेव्हा ते खऱ्या अर्थाने खुलं झालं. न्यायालयातली लढाई त्यानंतरही दहा वर्षं चालली. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो मार्च 1937 मध्ये.

ठराव कागदावर असतो, हक्क वापरला की हक्क होतो. रस्ते आणि तळी संविधानाच्या यादीत आहेत. त्यांच्यावरून जा, त्यांच्याकाठी थांबा, आणि कुणी नाव विचारलं तर पूर्ण सांगा, आडनावासकट.

जय भीम! जय संविधान!