तो आला की हा चालतो

या रविवारी तोरण्याच्या पावसावर लिहायचं ठरलं होतं. तसं मी मागच्या लेखात जाहीरही करून बसलो होतो. "वेल्ह्यातून निघालं की" इथपर्यंत मजकूर आला आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. (तालुक्याचं नाव आता राजगड आहे, हे मला ठाऊक आहे. पत्रं पाठवू नका.) माऊस हलवला, कीबोर्ड बडवला, कॅप्स लॉकचं बटण दाबलं, तर त्याचा दिवासुद्धा लागेना. तो दिवा लागला नाही, तर बहुतेक वेळा अख्खं यंत्रच गोठलेलं असतं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं, पुन्हा चालू केलं, आणि कॉम्प्युटर असा सुरू झाला जणू काही घडलंच नाही.

जुनं यंत्र बंद पडतं याबद्दल माझी तक्रार नाही. बंद पडलं की माणूस मोकळा होतो. दुकानात टाकतो, चार शिव्या देतो, नवं घेतो. तक्रार आहे ती अधूनमधून बंद पडण्याबद्दल. आपला वरंध घाटही पावसाळ्यात बंद होतो, पण त्यासाठी निदान जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, पेपरात बातमी येते. माझा कॉम्प्युटर कसलीच पूर्वसूचना देत नाही. सकाळभर गुण्यागोविंदानं चालतो आणि नेमका वाक्याच्या क्रियापदापाशी अडतो.

बरं, दाखवायचं कुणाला? भोरच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानातला पोरगा आला. चपला बाहेर काढल्या, खुर्चीत बसला, एक गाणं लावलं, त्यावर दुसरं लावलं, दहा खिडक्या उघडल्या. यंत्र सशासारखं पळत होतं. "काका, चालतोय की!" म्हणाला. चहा प्याला, यायचे पैसे घेतले आणि जिना उतरला. तो गाडीला किक मारतोय तोवर इकडे बाण थिजलेला! खिडकीतून हाक मारली, पण त्याचं हेल्मेट चढलं होतं.

आमच्या सौ. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल." अधूनमधूनच्या बिघाडाचा खरा ताप हा आहे. यंत्र सुटतं आणि संशय मालकावर येतो. पूर्ण बिघडलेल्या वस्तूच्या मालकाला सहानुभूती मिळते. अर्धवट बिघडलेल्या वस्तूच्या मालकाला मिळतात प्रश्न. "रोज होतं का?" नाही. "काय करताना होतं?" काहीही करताना. "आत्ता करून दाखवा." इथं आपण गप्प.

हिंजवडीचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, टाकून दे, नवीन घे." नव्यांचं तरी काय सांगावं? इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे महागडे प्रोसेसर लोकांच्या घरी असेच मधूनच कोलमडत होते. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो आणि त्यानं हळूहळू झिजतो, हे कंपनीनं २०२४ मध्ये मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. तोवर किती मामांनी "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल" हे ऐकलं असेल, देव जाणे.

आता ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांच्यासाठी थोडक्यात. कारणं ठरलेली असतात: सैल किंवा मळलेली रॅम, धुळीनं तापणारा प्रोसेसर, दमलेला एसएमपीएस, फुगलेले कपॅसिटर, खराब होत चाललेली हार्ड डिस्क किंवा तिची केबल, नाहीतर एखादा ड्रायव्हर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंदी सापडतात; त्यातली "कर्नल-पॉवर ४१" एवढंच सांगते की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते सांगत नाही. रॅमची परीक्षा रात्रभर चालू ठेवावी, पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघावी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पोरानं दुसऱ्या खेपेला पंखा पुसला, रॅम खोडरबरानं घासली, केबल बदलली आणि विंडोजही नव्यानं टाकली. आता कशानं गुण आला हे कुणालाच सांगता येणार नाही. मुळात गुण आलाय का, हेही नाही. "आता होणार नाही," म्हणाला. मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणे, "झालं की फोन करा."

नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि त्याचाही संगणक असाच मधूनमधून आपला आपण रिसेट होऊ लागला. तिथं पोरगा पाठवायची सोय नव्हती. मग कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरांनी प्रयोगशाळेतलं तसलंच यंत्र तोच प्रकार होईपर्यंत चालवत ठेवलं. कारण निघालं ते कुठल्याही सरकारी कचेरीत शोभावं असं. हवामानाच्या नोंदीचं एक कनिष्ठ काम कपाटाची किल्ली घेऊन बसलेलं, वरिष्ठाला तीच किल्ली हवी, आणि मधल्या दर्जाचं तिसरंच काम त्या कनिष्ठाला पुढं सरकू देईना. साहेब खोळंबले की पहाऱ्यावरचं घड्याळ सगळंच बंद करून पुन्हा सुरू करायचं. इंजिनिअरांनी पृथ्वीवरूनच दुरुस्ती पाठवली. मंगळावरचा बिघाड सापडतो, भोरातला सापडत नाही.

वेल्ह्याच्या आमच्या मास्तरांना हे सांगितलं. माझ्या तांदळाच्या लेखावर इंद्रायणीची बाजू घेऊन तीन पानं लिहिणारे हे गृहस्थ. म्हणाले, "आमच्याकडं लाईटच अधूनमधून असते. कॉम्प्युटरला कुठल्या तोंडानं नावं ठेवायची?" त्यावर मी म्हणालो, भाटघर धरणाच्या पायथ्याला वीज तयार होते आणि आपण स्टॅबिलायझर घेऊन बसतो. झालं, विषय धरणावर गेला तो परत आलाच नाही.

पण भाटघर ही बघण्यासारखी गोष्ट आहे खरी. साहेबाच्या काळातलं लॉईड धरण, आता शंभरीला टेकलेलं. त्याला ४५ स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरल्या पातळीला पोचलं की आपोआप उघडतात. तेही वर्षभरात अधूनमधूनच चालतात, पण का चालले ते काठावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पासवर्ड नाही, अपडेट नाही, "कृपया प्रतीक्षा करा" नाही. मी कौतुकानं बोलत सुटलो.

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दरवाजे झकास आहेत हो. पण सुटलेलं पाणी जातं कुठं? नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण. आणि उन्हाळ्यात टँकर कुणाच्या दारात? धरण उशाला, कोरड घशाला. हा बिघाड अधूनमधूनचा नाही बरं का. तुमच्या त्या पोराला कधीही पाठवा, जागेवर सापडेल."