सुकटीची पूड अंगणवाडीत हवी, ठेकेदाराचं पाकीट नको



1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं मेली. तेव्हापासून किती योजना आल्या, तरी गरोदर बाईच्या अंगात रक्त कमी आणि पोराचं वजन कमी, हे संपलं नाय. सरकार पाकीट देतं. पाकिटातलं पीठ पोरं तोंडात धरत नाहीत, मग ते शेळीपुढं जातं.

आपल्या चुलीवर काय आहे ते बघा. बाजाराच्या दिवशी समुद्रपट्टीवरून जवळा, बोंबील येतो. पावसात ओहोळाला बारीक मासे, चिंबोऱ्या मिळतात. बारीक मासा काट्यासकट पोटात जातो, म्हणून हाडं आणि रक्त दोन्हीला लागणारं कॅल्शियम, लोह त्यातून मिळतं. ब-12 जीवनसत्त्व तर नागली-भात-डाळीत नसतंच, मासळीत असतं. पण घरात बाई शेवटी जेवते, तिच्या वाट्याला नुसता रस्सा येतो. पूड केली की तिच्या वाट्याची वेगळी ठेवता येते.

पूड करायला कारखाना लागत नाय. बिनमिठाचा सुका जवळा किंवा बारीक मासा घ्यायचा, निवडायचा, धुऊन वाळू काढायची. कडक उन्हात पुन्हा वाळवायचा, मंद आचेवर भाजायचा, कुटून चाळायचा, कोरड्या डब्यात भरायचा. सहा महिन्यांच्या पुढच्या पोराला पेजेत चिमूटभर, गरोदर बाईला डाळीत चमचाभर. खारवलेला मासा यासाठी घेऊ नका. जवळ्याने कुणाच्या अंगावर गांधी उठल्या तर त्याला देऊ नका. दिवाळीनंतर वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबाची अंगणवाडी सुटते, पण डबा बरोबर नेता येतो.

ओडिशात मयूरभंज या आदिवासी जिल्ह्यात अंगणवाडीत माशाची पूड देऊन बघितली. आपल्याकडं अमृत आहार योजनेत 2015 पासून गरोदर आणि पाजत्या बाईला एक वेळचं ताट मिळतं, अंडं मिळतं. ते चांगलंच. मग त्यात सुकट का नको? वास येतो म्हणून? तो वास साहेबाला येतो, आपल्याला नाय.

पण एक धोका आहे. मागणी केली की उद्या ठेकेदार माशाचंही पाकीट घेऊन येईल. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, गावातल्या बायांचे गट घ्या, असं सुप्रीम कोर्टाने 2004 सालीच सांगितलंय. म्हणून पूड आपल्या बचत गटानेच करायची आणि अंगणवाडीने ती विकत घ्यायची.

दुसरी गोष्ट पाण्याची. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3 मध्ये पाण्यातल्या मासळीवर गावाचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. सामूहिक दावा भरताना आपण डिंक, मोह, बांबू लिहितो, ओहोळ आणि डोह लिहायचे विसरतो. ज्या गावांनी लिहिले नसतील त्यांनी आता लिहावेत. हक्क मागायचा तर जबाबदारीही घ्यावी लागेल. वळगणीचा अंड्यावरचा मासा सगळा उचलायचा नाय, पाण्यात ब्लिचिंग टाकायची नाय, हा नियम ग्रामसभेनेच करायचा.

नुसत्या पुडीने कुपोषण जाणार नाय. जमीन नावावर नाही, गावात काम नाही, तोवर भूक राहणारच. ती लढाई चालूच आहे. पण पोटातलं पोर सात-बाऱ्याची वाट बघत थांबत नाय. येत्या ग्रामसभेत आयाबायांनी पुढं बसावं आणि दोन ठराव लिहून घ्यावेत: आहारात आमच्या गटाची पूड, आणि ओहोळावर आमचा हक्क.