भंगारातले चुंबक आणि आमची मुले

यंदाच्या सुट्टीत आमच्या दोन माजी विद्यार्थिनींनी एका प्रयोगशाळेत सहा आठवडे जुन्या हार्ड डिस्कच्या चुंबकांतून रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये, परत मिळविण्याचे काम केले. त्यावर एका पालकांनी आम्हांला विचारले, "एवढे शिकून भंगारच चिवडायचे का?"

चिवडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही मूलद्रव्ये एकूण 17. नाव दुर्मिळ, पण सीरियम तर भूकवचात साधारण तांब्याइतके आहे. अडचण आहे ती त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्याची. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनारी वाळूत आपल्याकडे मोनाझाइट आहे, 1950 पासून सरकारी कंपनीही आहे; तरी एप्रिल 2025 मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपले वाहन कारखानदार धास्तावले.

मुलींचे काम ऐकायला सोपे आहे. चुंबक तापवून त्याचे चुंबकत्व घालवायचे, भुकटी करून आम्लात विरघळवायची, मग ऑक्झॅलिक आम्ल घालायचे. निओडिमियम साक्यात येते, लोखंड बरेचसे द्रावणात राहते. साका भाजला की ऑक्साइड! (आम्ही बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. वर्गात 'अवक्षेप' म्हणायचो, घरी तोच साका.) हिशेबाने जेवढे यायला हवे तेवढे हाती येत नाही, आणि का येत नाही हे शोधण्यात दिवस जातात. कोचिंगच्या गाइडमध्ये हे नसते.

मात्र नुसती बाटल्या धुवून घेऊन प्रमाणपत्र देणारी इंटर्नशिप आम्हांला नको. मार्गदर्शक रोज भेटावा, हातमोजे आणि धूर ओढणारे कपाट असावे. रोजची नोंद मुलांनी मराठीत वा हिंदीत, ज्या भाषेत विचार करतात तीत लिहावी. अहवाल खुशाल इंग्रजीत द्यावा.

कपाटाचा आग्रह उगाच नाही. कबाड्याच्या दुकानामागे सर्किट बोर्ड उघड्यावर जाळणारी, तेजाबात बुडवणारी पोरेही याच वयाची असतात. आम्ल तेच. त्यांच्यासाठी सुरक्षित पद्धत कोणी शोधायची, हे आमच्या अकरावी-बारावीच्या मुलांनी मनावर घ्यावे असे आम्हांला वाटते.

बंद पडलेल्या हार्ड डिस्क शाळेच्या रसायन प्रयोगशाळेत आणून द्याव्यात. घरी उघडू नयेत. ते चुंबक ठिसूळ असतात आणि बोटे जोरात चिमटतात.