इसार देण्यापूर्वी

तुरीची रास घरी आली की माल आळंदच्या वा कलबुर्गीच्या बाजारी नेण्यासाठी जुनी पिकअप घ्यावी, असा विचार कडगंचीच्या घराघरांतून निघतो. आम्हीही एकदा सोलापूरकडील अशी गाडी पाहावयास गेलो. नव्या रंगावर भुललो, दरही पटला. सोबतच्या मेस्त्रींनी नोंदणीपुस्तक मागितले म्हणून बरे. त्यावर कर्जाचा बोजा तसाच होता!

तेव्हापासून आमचा क्रम ठरला आहे. इंजिन थंड असतानाच सुरू करवावे. निळा धूर निघत राहिला तर तेल जळते आहे असे समजावे. हौद्याखाली वाकून चासीवरील गंज व वेल्डिंगचे जोड पाहावेत. चासी क्रमांक पुस्तकाशी ताडावा. मालवाहू गाडीस ८ वर्षांनंतर योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी लागते. त्याची मुदत पाहावी. महाराष्ट्रातील गाडी असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र मागावे आणि कर्नाटकातील रस्ताकर किमतीत धरावा.

जुनी गाडी विकणाऱ्यांनीही सावध असावे. अपघाताच्या भरपाईचा भार नोंदणीत नाव असलेल्या मालकावरच पडतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. म्हणून वाचकहो, आधी कागद, मग इसार!